सराफी पेढीत धुराचं यंत्र लावावं का?

प्रश्न : तालुक्याच्या गावी बाजारपेठेत आमची सराफी पेढी आहे. खाली पेढी, वर आम्ही राहतो, जिना आतूनच आहे. गेल्या महिन्यात आमच्यापासून चार गाळे सोडून एका सराफाकडे चोरी झाली. त्याच्या मागचा गाळा रिकामा होता, तिथून भिंतीला भगदाड पाडलं. काउंटरवरची चांदीची भांडी, पैंजण, जोडवी गोणीत भरली आणि जाताना कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा, म्हणजे डीव्हीआरही नेला. सोनं तिजोरीत होतं म्हणून वाचलं. आमच्याही मागे रिकामा गाळाच आहे. मुलगी ऑकलंडला असते, तिने तिथल्या एका दुकानाचा व्हिडिओ पाठवला. दुकानदार बटण दाबतो, खोली पांढऱ्या धुराने भरते आणि चोर पळतात. इथल्या विक्रेत्याने दोन यंत्रांचं कोटेशन दिलंय, आकडा मोठा आहे. भाचा म्हणतो, ‘मामा, डीजेवाल्याचं स्मोक मशीन आणून सेन्सरला जोडून देतो, चिल्लर खर्चात काम.’ वर माझी आई असते, तिला दमा आहे. तिला धुराचा त्रास होईल का? चोर गुदमरून मेला तर केस आमच्यावर येईल का? आणि विमा कंपनी काय म्हणेल?
— एक सराफ

उत्तर :

यंत्र घ्या, पण सगळ्यात शेवटी घ्या. आणि दोन नको, एकच घ्या, तेही तिजोरीच्या खोलीसाठी. का ते सांगतो.

आधी हे यंत्र करतं काय ते बघू. त्यातून येतो तो जळक्या वस्तूचा धूर नाही, धुकं आहे. आत धातूचा एक ठोकळा असतो, तो वीज सतत तापलेला ठेवते. इशारा मिळाला की पंप ग्लायकॉल आणि पाण्याचं मिश्रण त्या तापलेल्या नळीतून ढकलतो, क्षणात त्याची वाफ होते, आणि बाहेरच्या गार हवेला लागली की त्या वाफेचे अतिसूक्ष्म थेंब होतात. खोली काही सेकंदांत अशी पांढरी होते की स्वतःचा लांबवलेला हात दिसत नाही. बॅटरी लावून उपयोग नाही. आंबोली घाटात धुक्यात गाडीचा हाय बीम मारला की समोर फक्त पांढरी भिंत दिसते, तसंच इथे होतं, थेंब प्रकाश परत डोळ्यावर फेकतात. वारं नसेल तर अर्धा-पाऊण तास हे धुकं रेंगाळतं, मग दारं उघडून पंखे लावले की निघून जातं. खोलीच्या मापाला साजेल इतकंच सोडलं असेल तर मागे काही उरत नाही. जास्त सोडलं तर काचांवर किंचित चिकट थर बसतो, पुसला की जातो. सोन्याचांदीला त्याने धक्का लागत नाही.

लोक याची दोन गोष्टींशी गल्लत करतात. नगरपालिकेची गाडी डासांसाठी धूर सोडत फिरते, त्यात डिझेल आणि कीटकनाशक असतं, त्याचा या यंत्राशी संबंध नाही. आणि लग्नात वधूवरांच्या पायाशी जो धूर लोळतो तो कोरड्या बर्फाचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या गारव्याने झालेलं धुकं. ते जमिनीलाच धरून राहतं, चोराच्या डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. भाचा म्हणतो ते डीजेचं मशीन मात्र खरंच याच जातीचं आहे, ग्लायकॉलवरच चालतं. पण ते सुरू केल्यावर तापायला काही मिनिटं घेतं, एक झोत टाकला की पुन्हा तापायला थांबतं, आणि ते चालवणारा माणूस शेजारी उभा आहे असं धरूनच बनवलेलं असतं. ते रात्रभर, वर्षभर, बंद पेढीत कुणी नसताना विजेवर तापत ठेवायचं? चोर यायचा तेव्हा येईल, शॉर्ट सर्किट त्याच्या आधी येईल. भाच्याच्या हाताला कला आहे, तर ती आपण पुढे वापरूच.

आता मुख्य मुद्दा. धूर चोराला आत येण्यापासून अडवत नाही. तो फक्त त्याचा हात थांबवतो, आणि तोही धुकं विरेपर्यंत. तेवढ्या वेळात कुणीतरी येणार असेल तरच त्या पैशांना अर्थ.

जर्मनीत ड्रेस्डेनच्या राजवाड्यातलं ‘हरित भांडार’ हे दागिन्यांचं संग्रहालय २५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे फुटलं. चोर खिडकीची जाळी कापून आत आले, कुऱ्हाडीने काच फोडली आणि काही मिनिटांत हिरे घेऊन पसार झाले. पहारेकऱ्यांनी पडद्यावर सगळं पाहिलं, पोलिसांना कळवलंही, पण पोलीस पोचेपर्यंत पाखरं उडाली होती. गंमत म्हणजे तिथे फवारा चोरांनीच मारला, मागे पुरावा राहू नये म्हणून अग्निशामक वापरून. अशा धावत्या चोरीत धुक्याचं यंत्र सोन्यासारखं काम करतं, कारण चोराचा सगळा डाव त्या काही मिनिटांवर असतो. ते गेले की डाव गेला.

आता याच्या उलट. लंडनच्या हॅटन गार्डन या जवाहिऱ्यांच्या पेठेत एप्रिल २०१५ मध्ये इस्टरच्या लांब सुट्टीत तळघरातली तिजोरीची खोली फुटली. सुमारे अर्धा मीटर जाडीच्या काँक्रीटला ड्रिलने भोकं पाडली होती. अलार्म वाजला होता! पहारेकरी आला, बाहेरून दार शाबूत दिसलं, निघून गेला. पोलिसांना कळलं होतं, पण कुणी फिरकलं नाही, पुढे त्यांना त्याबद्दल माफी मागावी लागली. चोरांचं पहिल्या रात्री काम अडलं, तर ते एक रात्र सोडून परत आले. निवांत वेळ असलेल्या चोराला तुम्ही धुकं दाखवलंत तर तो बाहेर बसून तंबाखू मळेल आणि तासाभराने पुन्हा आत जाईल.

तेव्हा कोटेशनवर सही करण्याआधी स्वतःला विचारा : रात्री अडीच वाजता यंत्र सुटलं तर किती वेळात कोण येईल? तुम्ही वरच झोपलेले असता, हे बळ आहे आणि धोकाही आहे, त्यावर पुढे येतो. ११२ ला फोन गेला तर तुमच्या गावात गस्तीची गाडी यायला किती वेळ लागतो, हे ठाण्यात जाऊन ठाणेदारांशी बोलून घ्या. बाजारपेठेतल्या सगळ्या सराफांनी मिळून एक गुरखा ठेवता येईल का? समोरच्या मेडिकलवाल्याकडे, चौकातल्या हॉटेलवाल्याकडे अलार्मचा संदेश जाईल का? हे पक्कं झालं तर यंत्र घ्यायला हरकत नाही. नसेल होत, तर तो पैसा भिंतीत घाला.

भिंतीचंच घ्या. तुम्ही पत्रात ओझरतं लिहिलंय की तुमच्याही मागे रिकामा गाळा आहे. मला संपूर्ण पत्रातलं तेच वाक्य सगळ्यात भीतीचं वाटलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगरला बँकेचे तीसेक लॉकर फुटले, ते शेजारी भाड्याने घेतलेल्या दुकानातून बोगदा खणून. दुकान काही महिने आधीच घेतलं होतं, वर किराणा-जनरल स्टोअरचा देखावा. शनिवार-रविवार मध्ये गेला आणि सोमवारी बँक उघडल्यावर कळलं. शटरवर सगळ्यांची नजर असते, मागच्या भिंतीकडे कुणी बघत नाही. त्या गाळ्याचा मालक कोण, तो कुणाला भाड्याने देतोय, हे माहीत करून घ्या. शक्य असेल तर तुम्हीच भाड्याने घ्या आणि आत वर्दळ ठेवा. तुमची भिंत साडेचार इंची विटांची असेल तर ती पहारीला दहा मिनिटंही टिकायची नाही. आतून सळईची जाळी मारून चार इंच काँक्रीट ओतून घ्या, आणि त्या भिंतीवर कंपन ओळखणारा सेन्सर लावा. पहिला घाव पडला की तो ओरडला पाहिजे, चोर आत शिरल्यावर नव्हे. भाच्याला सेन्सर जोडायची हौस आहे ना, हे काम त्याला द्या.

शटरही बघा. नुसत्या दोन बाजूच्या कुलपांवर असलेलं शटर मधोमध टॉमी घालून उचकटतात, मधून वाकतं आणि माणूस सरपटत आत. मधलं कुलूप हवंच, आतून आडवी पट्टी असेल तर उत्तम.

तिजोरी फरशीला आणि भिंतीला बोल्ट मारून काँक्रीटमध्ये बसवलेली आहे की नुसती जड आहे म्हणून ठेवलीय? जड वस्तू उचलून नेतात. एटीएमची यंत्रं लोक दोरखंडाने गाडीला बांधून ओढून नेऊ लागले, म्हणून जून २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की ती भिंतीत, खांबात किंवा जमिनीत पक्की बसवा. तुमच्या तिजोरीलाही तेच लागू.

आणि डीव्हीआर. तो गल्ल्याखाली दिसेल असा ठेवायचा आणि चोराने तो काखोटीला मारून न्यायचा, ही आता रीतच झालीय. वरच्या मजल्यावर लोखंडी पेटीत कुलपात ठेवा, किंवा चित्रण थेट बाहेर, क्लाउडवर जाऊ द्या. धुक्याचं यंत्र घेणार असाल तर हे दुप्पट गरजेचं, कारण धुकं सुटल्यावर तुमचा कॅमेराही आंधळा होतो. रात्रीचे इन्फ्रारेड दिवे धुक्यावरच आपटून चित्र पांढरं करतात. म्हणजे चोराचा चेहरा मिळायचा तो धुकं सुटण्याच्या आधीच्या सेकंदांत किंवा दाराबाहेरच्या कॅमेऱ्यात. एक कॅमेरा रस्त्यावर, एक मागच्या गल्लीत, डोक्याच्या उंचीवर. छताला लावलेल्या कॅमेऱ्यात टोप्याच दिसतात.

इतकं झाल्यावर यंत्र. एकच का म्हणालो ते हिशेबाने बघा. विक्रेते घनमीटरात बोलतात, आपण फुटांत. पुढची पेढी बारा बाय पंचवीस, उंची दहा धरली तर तीन हजार घनफूट, म्हणजे साधारण ८५ घनमीटर. त्यात शटरच्या फटी, पीओपीच्या छतातली पोकळी, वर जाणारा जिना. धुकं तिथून निसटत राहणार. तिजोरीची खोली दहा बाय आठ असेल तर आठशे घनफूट, जेमतेम २३ घनमीटर. बंद दार, खिडकी नाही. लहान यंत्र ती खोली डोळ्याची पापणी लवते न लवते तोच भरून टाकेल. गॅस कटरवाल्याला समोरची तिजोरीच दिसली नाही तर तो कापणार कुठे?

खरेदी करताना युरोपच्या ‘ईएन ५०१३१-८’ या मानकाप्रमाणे चाचणी झाल्याचा अहवाल मागा. हे मानक खास सुरक्षा धुक्याच्या यंत्रांसाठीच आहे. ‘कंपनी मोठी आहे साहेब’ हा अहवाल नव्हे. भरायच्या द्रवाचं सुरक्षा पत्रक मागा, त्यात नेमकं काय आहे ते लिहिलेलं असतं. वीज गेली तर यंत्र किती वेळ तापलेलं राहतं आणि बॅटरीवर किती वेळा धुकं सोडू शकतं, हे लेखी घ्या, कारण चोर आधी मीटरची वायर तोडतो. बिलाचंही विचारा. समजा सरासरी शंभर वॅट खातं, तर महिन्याला सत्तरेक युनिट झाले. आणि एकट्या सेन्सरवर यंत्र सुटू देऊ नका. दार उघडल्याचा किंवा भिंतीच्या कंपनाचा इशारा आणि आत हालचालीचा इशारा, दोन्ही आले तरच सुटावं. नाहीतर एका मांजरीपायी पाडव्याच्या आदल्या रात्री पेढी धुक्याने भरेल, आणि पुढच्या वेळी अलार्म वाजल्यावर तुम्ही कूस बदलून झोपाल.

आईंचं. हे धुकं विषारी नाही, पण निरुपद्रवी म्हणजे दम्याला चालणारं असं नव्हे. नाटकांच्या रंगमंचावरच्या अशाच धुक्याने नटांच्या घशाला, श्वासाला त्रास होतो हे नोंदलेलं आहे. दम्याच्या माणसाला झटका येऊ शकतो. तुमचा जिना आतून आहे, धुकं वर चढणार. म्हणून जिन्याच्या तळाशी घट्ट बसणारं दार लावा, खालून रबरी पट्टी, आणि ते रात्री बंद. यंत्र तिजोरीच्या खोलीतच ठेवा म्हणण्याचं हे दुसरं कारण. आईंच्या डॉक्टरांना एकदा विचारून ठेवा, इनहेलर उशाशी असू द्या. वरच्या मजल्यावर धूर ओळखणारे फायर अलार्म असतील तर तेही वाजतील, कारण त्यांना धुकं आणि धूर सारखेच. खरी आग समजून कुणीतरी १०१ फिरवेल. अग्निशमन केंद्राला आणि पोलीस ठाण्याला आधीच पत्र देऊन ठेवा की इथे असं यंत्र आहे.

आणि तुम्ही. अलार्म वाजला की खाली उतरायचं नाही, हे घरात सगळ्यांना बजावा. दार आतून लावा, दिवे लावा, ओरडा, ११२ फिरवा, शेजाऱ्यांना उठवा. आंधळ्या झालेल्या खोलीत हातात पहार असलेला घाबरलेला माणूस आणि तुम्ही, ही जोडी जमवू नका.

केसबद्दल. भारतीय न्याय संहितेत आपल्या मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे, पण त्याला मर्यादा आहे, रक्षणाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा हक्क नाही. शटरला करंट सोडणारे लोक मी पाहिलेत. त्यात चोर मरो, दूधवाला मरो की भटकं कुत्रं, करंट सोडणारा तुरुंगात जातो, आणि जावंच. धुकं नुसतं आंधळं करतं, म्हणूनच ते जगभर चालवून घेतलं जातं. दोन पथ्यं पाळा. एक, झोत चोर जिथून आला त्या वाटेवर मारायचा नाही, त्याला पळायला वाट मोकळी राहिली पाहिजे. कोंडलेला चोर पळता चोर नसतो. दोन, द्रवात मिरची, अमोनिया वगैरे घालायच्या ‘आयडिया’ कुणी सुचवल्या तर त्याला दारातूनच परत पाठवा. दाराबाहेर मोठी पाटी लावा : ‘येथे धुक्याची सुरक्षा यंत्रणा आहे’. पाटी वाचून गेलेला चोर सगळ्यात स्वस्त पडतो.

ऑकलंडच्या व्हिडिओबद्दल थोडं. तिथे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला डेअरी म्हणतात, त्यांतली कितीतरी आपल्या भारतीयांची आहेत. सिगारेटसाठी हातोडे घेऊन दिवसाढवळ्या घुसणाऱ्या टोळ्यांचा तिथे सुळसुळाट झाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर डेअरीत काम करणाऱ्या एका भारतीयाचा खून झाला. त्यानंतर सरकारने छोट्या दुकानांना यंत्रासाठी चार हजार न्यूझीलंड डॉलरचं अनुदान जाहीर केलं. तिथला धोका दिवसाचा, तुमचा रात्रीचा. बटण तुम्हीही बसवून घेऊ शकता, पण दिवसा पेढीत गिऱ्हाईक असताना, समोर कट्टा रोखलेला असताना ते दाबू नका. धुक्यात सुटलेली गोळी कुणाला लागेल ते सांगता येत नाही. त्या वेळी ट्रे द्यावा आणि जीव ठेवावा.

शेवटी विमा, आणि यात तुम्ही सगळ्यात जास्त अडचणीत आहात. तुमच्याकडे ज्वेलर्स ब्लॉक पॉलिसी, म्हणजे सराफांच्या मालाचा विमा असेल. ती काढा, चष्मा लावा आणि ‘अपवाद’ या मथळ्याखालचं वाचा. दुकान बंद झाल्यावर तिजोरीबाहेर किंवा शोकेसमध्ये ठेवलेल्या मालाची चोरी या पॉलिसीत सहसा भरून मिळत नाही. शेजाऱ्याची चांदी काउंटरवर होती, तेव्हा त्याला कंपनी काय उत्तर देणार ते तुम्हीच ओळखा. तुमची चांदी रात्री कुठे असते? जागा नाही, भांडी मोठी, म्हणून ट्रेमध्येच राहते ना? किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून चांदी काही ‘बाहेर राहिली तरी चालेल’ असा माल उरलेला नाही. यंत्र लावलं म्हणून चांदी बाहेर ठेवली तर यंत्राचे पैसेही गेले आणि चांदीही. दुसरी तिजोरी घ्या, नाहीतर तिजोरीच्या खोलीलाच पोलादी दार लावून घ्या आणि कंपनीकडून लेखी घ्या की या खोलीला ते तिजोरी मानतात. यंत्र लावणार असाल तर तेही लेखी कळवा. हप्त्यात सूट मिळते का विचारा, मिळेल असं धरून चालू नका. गिऱ्हाइकांचे दुरुस्तीला आलेले दागिने पॉलिसीत धरलेत का, हेही त्याच पत्रात विचारा. ते गेले तर लोक विमा कंपनीच्या नाही, तुमच्या दारात येतील.

चोरी झालीच तर विम्यासाठी नुकसान मोजायला आलेला सर्व्हेयर पहिला प्रश्न विचारतो : आदल्या दिवशी संध्याकाळी पेढीत नेमका किती माल होता? त्याला तोंडी आकडा चालत नाही, स्टॉक रजिस्टर लागतं. तुमचं रजिस्टर पेढीतल्याच कॉम्प्युटरमध्ये असेल आणि तो कॉम्प्युटर डीव्हीआरच्या शेजारीच असेल, तर रोज शटर ओढण्याआधी त्याची प्रत ऑकलंडला मुलीच्या ईमेलवर पाठवत जा.